केवळ प्रार्थनेसाठी

थोरलीने आयुष्यात कुणाबद्दल वाईट शब्द काढला नव्हता. हे ती स्वतःच सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती कुणाबद्दल बोलायचीच नाही. ती काळजी करायची.

काळजी एकटीच्याने पेलवेना, म्हणून तिने नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीतल्या अकरा बायकांची प्रार्थनासाखळी सुरू केली होती. नियम सोपा होता. कुणाच्या घरचं दुखणं, भांडण किंवा घसरलेलं पाऊल कळलं की पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, असं करत अकरावीपर्यंत जायचं, म्हणजे एकाच वेळी अकरा घरांतून विनंती वर पोहोचेल. वर ती किती वेळात पोहोचायची हे कुणाला सांगता आलं नसतं. अकराव्या घरी मात्र ती चाळीस मिनिटांत पोहोचायची आणि वाटेत तिला हातपाय फुटलेले असायचे. पहिल्या घरी ज्याला साधा खोकला असायचा, त्याच्यापुढे अकराव्या घरी डॉक्टरांनी हात टेकलेले असायचे. प्रत्येक फोनची सुरुवात ठरलेली होती: "हे तुम्हाला केवळ प्रार्थनेसाठी सांगते हं."

त्या रविवारी उपासनेत ऑर्गनवर ताई नव्हती. ताई म्हणजे थोरलीची नणंद, तिच्या नवऱ्याच्या, थोरल्याच्या पाठची आणि दिराच्या, धाकट्याच्या आधीची. बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, कमी बोलणारी. घराखालच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायची आणि सव्वीस वर्षं दर रविवारी ऑर्गन वाजवायची. त्या दिवशी तिच्या जागी शाळामास्तर बसले होते. ते दोन बोटांनी वाजवत होते आणि मंडळी चढावर हातगाडी ढकलावी तशी गीत ढकलत होती. तिसऱ्या कडव्याला अर्धी माणसं पुढे निघून गेली, अर्धी मागे राहिली. थोरलीने डोळे मिटून घेतले. तिला खरोखर वाईट वाटत होतं. आपण हे सगळं ताईच्या भल्यासाठीच केलं, याबद्दल मात्र तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गोष्ट एवढीच होती, की ताई घड्याळवाल्याच्या दुकानात मागच्या दाराने जाते. घड्याळवाला विधुर होता. चार वर्षांपूर्वी तो या रस्त्यावर आला आणि मंडळीच्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहू लागला. विनंती साखळीतून फिरली, पाळकांच्या बायकोपर्यंत गेली, तिथून पंचांपर्यंत गेली, आणि पंचांनी दोन ठराव केले. ताईने काही दिवस ऑर्गनपासून 'विश्रांती' घ्यावी. घड्याळवाल्याने पंधरा दिवसांत जागा सोडावी. दोन्ही पत्रांवर चिटणीस म्हणून सही होती थोरल्याची. तो थोरलीचा नवरा आणि ताईचा सख्खा भाऊ. सही त्याने सुरेख केली होती.

आता उरलं होतं ते ताईला प्रेमाने समजावणं. त्यासाठी थोरलीने जेवणानंतर सगळ्यांना खाली कारखान्यात बोलावलं आणि पाच वाजता पाळकांना चहाला. वरच्या खोल्या लहान होत्या. कारखान्यात कापणीचं लांब टेबल होतं. त्यावरची पुठ्ठे चिकटवायच्या खळीची भांडी, टोचे आणि पुठ्ठ्याचे तुकडे तिने बाजूला सारले, स्वच्छ चादर अंथरली. खळीचा आंबूस वास मात्र चादरीला जुमानत नव्हता.

थोरला टेबलाच्या टोकाला बसला. धाकटा, त्याचा भाऊ, कारखाना चालवायचा. नखांत सरस अडकलेला, तोंडाचा फटकळ, देवळात सणासुदीला. तो पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर टेकला. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. ती धाकटी. ती थोरलीच्या, आपल्या जावेच्या शेजारी बसली, कारण आजवर ती जावेच्याच बाजूची होती. थोरलीची लेक इस्पितळात नर्स होती. ती ड्यूटीवरून नुकतीच आलेली, बूट न काढताच दाराजवळ स्टुलावर बसली. ताई आपल्या नेहमीच्या जागी होती, शिवणाच्या चौकटीपाशी. तिच्या हातात अर्धा शिवलेला फर्मा होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"आधी प्रार्थना करू," थोरला म्हणाला.

धाकट्याने उसासा टाकला. त्याला भावाच्या प्रार्थनेची सवय होती. थोरला कधीच रागावत नसे. राग आला की तो डोळे मिटायचा. मग जे काही बोलायचं ते तो देवाशी बोलायचा, आणि देवाशी बोलणाऱ्याला मध्येच कोण अडवणार.

"हे दयाळू पित्या," थोरल्याने सुरुवात केली, "आमच्यातलं एक लाडकं माणूस वाट चुकलं आहे. तू त्याचं नाव जाणतोस."

"पत्ताही जाणतो," धाकटा म्हणाला.

थोरल्याचा आवाज आणखी मऊ झाला. "आणि ज्यांना पवित्र गोष्टींच्या मध्ये तोंड घालायची सवय आहे, ज्यांचं शिव्यांवाचून पान हलत नाही, त्यांच्या जिभेवर पहारा बसव. त्यांच्या मोठ्या भावाने किती वर्षं सोसलं, हे तू पाहिलं आहेस. आमेन."

"आमेन. आता मी," धाकटा म्हणाला आणि त्याने डोळे घट्ट मिटले. "प्रभू, मला लांबलचक येत नाही. माझा भाऊ पत्रांवर सह्या करतो. त्या वाचून करतो का न वाचता, ते तूच त्याला विचार. मी विचारलं की तो तुझ्याशी बोलायला लागतो."

"प्रभू," धाकटीने घाईघाईने सूत्रं हाती घेतली, "माझ्या नवऱ्याला क्षमा कर. त्यांच्या मनात काही नसतं. आणि जाऊबाईंना बळ दे. त्यांनी या घराच्या अब्रूसाठी रात्रीचा दिवस केला."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी अशी वेळेला बरोबर बोलायची. मग तिने स्वतः सुरुवात केली, हळू, थरथरत्या आवाजात. ताईंना एकटेपण सोसायची शक्ती दे. त्या गृहस्थांनाही दे, बिचाऱ्यांची बायको जाऊन वर्षं झाली, पुरुषाचं मन कच्चंच असतं. वय झालं म्हणून मोह सुटतो असं नाही. लोक वाटेल ते बोलतात, त्यांचीही तोंडं तूच बंद कर. तिची प्रार्थना नेहमीच चांगली व्हायची, पण आज तर ती इतकी रंगली की 'आमेन' म्हणताना तिला थोडं जिवावर आलं.

आता ताईची पाळी होती. सगळे डोळे मिटून थांबले. सुई कागदातून जाण्याचा आवाज आला, मग दोरा ओढल्याचा.

"मी डोळे उघडे ठेवून बोलणार आहे," ताई म्हणाली. "तुम्हीही उघडा."

सगळ्यांनी डोळे उघडले. एकमेकांकडे बघणं जरा जडच गेलं.

"घड्याळवाल्याच्या मागच्या खोलीत काका आहेत," ताई म्हणाली. "आठ महिने झाले. फुप्फुसं गेली आहेत. फार दिवस नाहीत आता. मी त्यांच्याकडे जाते."

त्या घरात 'काका' हा शब्द एकतीस वर्षांत उच्चारला गेला नव्हता.

थोरलीला तो रविवार लख्ख आठवत होता. लग्न होऊन सातच महिने झाले होते, अंगावरची साडी नवी होती, ती तिसऱ्या बाकावर बसली होती. तिचे सासरे, हा कारखाना उभा करणारे, पंचांत सगळ्यांत वडील. त्यांनी उभं राहून साक्ष दिली, की देवळाच्या राखणदाराला शनिवारी संध्याकाळी देवळात पिऊन पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. राखणदाराने त्याआधी सासऱ्यांना उपासनेला उशिरा येण्यावरून दोनदा टोकलं होतं. साक्ष संपली आणि मागच्या बाकावरून सासऱ्यांचा धाकटा भाऊ, काका, उठला. खळ शिजवणारा साधा माणूस. तो म्हणाला, शनिवारी संध्याकाळी दादा माझ्याबरोबर कारखान्यात होता. आम्ही दोघं शाळेच्या वह्या बांधत होतो. नऊ वाजेपर्यंत.

राखणदाराची नोकरी तरीही गेली. एकीकडे पंचांतले वडील होते आणि दुसरीकडे खळ शिजवणारा. मंडळीला निवड करायला वेळ लागला नाही. काकाने त्याच आठवड्यात गाव सोडलं. सासऱ्यांनी कारखान्यातल्या भिंतीवरचा फोटो उतरवला आणि पुठ्ठा कापायच्या सुरीने काकाला कापून टाकलं. हात कसबी, कापणी अगदी सरळ. फक्त सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवलेला काकाचा हात तेवढा फोटोत राहिला. तो तसाच, बिनमाणसाचा, अजून भिंतीवर होता. पाहुण्यांनी विचारलं तर घरात सगळे सांगायचे, फोटोग्राफरची चूक.

"त्यांचं नाव या घरात घ्यायचं नाही असं बाबांनी..." थोरला म्हणाला.

"बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, दादा."

"आणि घड्याळवाल्याचा काय संबंध?" धाकटीने विचारलं.

"तो त्या राखणदाराचा मुलगा," ताई म्हणाली. "काका इस्पितळातून सुटले तेव्हा जायला जागा नव्हती. हा त्यांना घेऊन गेला. म्हणाला, माझ्या बापाच्या बाजूने एकच माणूस उभा राहिला होता."

धाकटा गठ्ठ्यावरून खाली उतरला. "आणि तू मला सांगितलं नाहीस, ताई?"

"तुझ्या पोटात काही राहतं का? तू दुसऱ्या दिवशी दादाच्या तोंडावर फेकलं असतंस. काकांना ते नको होतं. त्यांना निवांत मरायचंय."

"आणि इस्पितळात होते हे तुला कसं कळलं?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज अजून काळजीचाच होता. दुसरा आवाज तिला पटकन सापडत नव्हता.

"मी सांगितलं," दाराजवळून लेक म्हणाली.

थोरली वळली.

"माझ्याच वॉर्डात होते. आडनाव पाहून मी विचारलं. गुरुवारी मी पण जाते. पाठीला जखमा झाल्यात पडून पडून, त्या धुवाव्या लागतात."

"गुरुवारी तुझी जादा ड्यूटी असते."

"ड्यूटीच ती."

"मला का नाही सांगितलंस? मी आई आहे तुझी."

लेकीने थोडा विचार केला. तिला दुखवायचं नव्हतं, तरी उत्तर एकच होतं. "तुला सांगितलं असतं तर तू प्रार्थना केली असतीस."

थोरलीला वाटलं, कुणीतरी हसेल. हसलं कुणीच नाही, आणि ते जास्त लागलं.

"त्या पत्राचं बोलू," ताई म्हणाली. तिने सुई फर्म्यात टोचून ठेवली. "बुधवारी मिळालं त्याला. तो म्हणतो, माझं काय, चार हत्यारं आणि एक टेबल, मी कुठेही मांडेन. पण काकांना उठवून बसवलं तरी धाप लागते, त्यांना हलवायचं कसं? तुझी सही आहे, दादा. तूच सांग."

थोरल्याने घसा साफ केला. "मला आतलं काय ठाऊक? विश्वासू माणसांकडून जे कानावर आलं..."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं.

"मी फक्त प्रार्थनेसाठी म्हणाले होते."

"शब्द काय होते, वहिनी?" ताईने विचारलं. "तेच शब्द सांगा."

सांगायला सोपं असायला हवं होतं. फोनवर ते किती सहज, किती कळवळून आले होते. इथे, उघड्या डोळ्यांच्या माणसांसमोर, ते तोंडातून निघेनात. "ताई दर गुरुवारी घड्याळवाल्याकडे मागच्या दाराने जातात," ती शेवटी म्हणाली. "दोन तास दार बंद असतं. माझं मन फार जड झालंय. त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

"दर गुरुवारी हे कुणी पाहिलं?"

थोरलीची नजर आपोआप धाकटीकडे गेली. धाकटी खुर्चीतल्या खुर्चीत अर्धी वीत सरकली, जावेपासून लांब.

"मी एकदा पाहिलं," ती म्हणाली. "दुकानातून परत येत होते. ताई मागच्या दाराने आत गेल्या, एवढंच मी म्हटलं. एकदाच. दर गुरुवार तुमचा, जाऊबाई. आणि दोन तासही तुमचे."

"आणि बंद दार?" धाकट्याने विचारलं.

"तेही यांचंच."

"गार हवा त्यांच्या छातीला सोसत नाही," लेक म्हणाली. "दार आम्ही बंदच ठेवतो."

"म्हणजे बंद असतंच ना?" थोरली म्हणाली. बुडत्याने फळी धरावी तसं तिने ते दार धरलं. "गुरुवारीच जाता ना? मग मी खोटं कुठे बोलले?"

धाकटा आता मात्र हसला. "वा, वहिनी. न बघता इतकं बरोबर सांगितलंत. तरी माणसाला घराबाहेर काढायची वेळ आली."

थोरल्याने दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. पंचांच्या बैठकीत वाद मिटवताना तो असाच बसायचा. "झालं ते झालं. मी पत्र मागे घेतो. कारण लिहू, दयेपोटी. कुणाचं नाव नको, कुणाला लाज नको. ताईचा ऑर्गन आपण हळूहळू, एखाद्या सणापासून वगैरे. लोक विसरतात."

"राखणदाराचं विसरले?" ताईने विचारलं. "ही धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिलाही माहीत होतं, की तो दारुडा होता म्हणून. तिने त्याला बघितलंही नव्हतं."

"मला जाऊबाईंनीच सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. आज ती पुरतीच उलटली होती.

थोरला पुन्हा डोळे मिटायच्या बेतात होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

पाळक तरुण होते, सडपातळ, भिडस्त. चहा आवडायचा आणि भांडण आवडायचं नाही. आत शिरताच त्यांना हवेचा अंदाज आला असावा, कारण त्यांनी बसण्याआधीच कप हातात घेतला. थोरल्याने त्यांना सगळं सांगितलं. त्याने ते इतकं छान सांगितलं की एकतीस वर्षांपूर्वीची खोटी साक्ष त्यात 'जुना गैरसमज' झाली आणि काका 'दूरचे आप्त' झाले.

"आणि ही जी माहिती पंचांपर्यंत आली," थोरला पुढे म्हणाला, "ती आमच्याच घरातल्या एका भगिनीकडून गेली. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण समज थोडी कमी. लग्नानंतर मंडळीत आलेली, विश्वासात अजून कच्ची. आपण तिला सांभाळून घेऊ."

लग्नानंतर मंडळीत आलेली त्या टेबलाभोवती एकच होती. धाकटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दातओठ खात उठायच्या तयारीत होता. मग तिने थोरलीकडे पाहिलं.

थोरलीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हा तर सद्गुणच. त्यावर तिने बायकांच्या सभेत दोनदा भाषण केलं होतं. नवऱ्याने वाट मोकळी करून दिली होती, तीही तिचं नाव न घेता, अगदी प्रेमाने. धाकटीही आत्ताच कशी उलटली होती. लेक दाराजवळून बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. पुढे काय होणार हे तिला आधीच ठाऊक असावं तशी ती बघत होती, आणि थोरलीला ते सहन झालं नाही.

"मी," थोरली म्हणाली.

पाळकांनी कप खाली ठेवला.

"मी सांगितलं ते. हिने एकदाच पाहिलं होतं. दर गुरुवार मी घातला. दोन तास मी घातले. दारही मीच घातलं." एवढं बोलल्यावर तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबरोबर पुढची वाक्यं रांगेत येऊन उभी राहिली: माझा हेतू शुद्ध होता, मन जड झालं होतं, ही माझी परीक्षाच होती. या कबुलीची साक्ष बायकांच्या सभेत किती परिणामकारक होईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तिने श्वास घेतला.

"वहिनी," ताई म्हणाली, "एवढंच पुरे."

थोरलीने तोंड मिटलं.

पाळकांची नजर बशीवर होती. "मलाही ती विनंती आली होती," ते म्हणाले. "बायकोकडून. मी चौकशी केली नाही. गेल्या रविवारी त्यावरच प्रवचन केलं मी. शुद्ध आचरणावर."

"फार चांगलं झालं होतं," थोरला म्हणाला.

"घड्याळवाला समोरच बसला होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं." पाळकांनी मान वर केली. त्यांचा भिडस्तपणा कुठे गेला कोण जाणे. "कागद घ्या. तुम्हीच लिहा, तुमचंच अक्षर हवं. लिहा, आम्ही खोटं ऐकलं आणि त्यावर ठराव केला."

थोरल्याने पेन हातात घेतलं. "'अपुऱ्या माहितीच्या आधारे' चालेल?"

"नाही."

"'ऐकीव माहितीच्या'..."

"खोटं. दोन अक्षरांचा शब्द आहे."

थोरल्याला ती दोन अक्षरं लिहायला बराच वेळ लागला. सही मात्र त्याने सवयीने सुरेख केली. पाळक म्हणाले, ताईंनी येत्या रविवारी ऑर्गनवर बसावं, मी आधी उभा राहून दोन वाक्यं बोलणार आहे, माझ्याबद्दलची. ताईने मान हलवली. तिने आभारबिभार मानले नाहीत.

"आता फोन," लेक म्हणाली आणि आईपुढे फोन धरला.

"पहिलीला करते," थोरली म्हणाली. "ती पुढे सांगेल."

"नको," ताई म्हणाली. "अकरावीला आधी करा. तिच्याकडे ती गोष्ट सगळ्यांत मोठी झालेली असेल."

अकरावीने लगेच उचलला. थोरलीने ताईचं नाव काढताच ती म्हणाली, "हो ना, किती वाईट झालं. त्यांनी म्हणे मंडळीचा ऑर्गन विकायला काढलाय. दोघं लांब कुठेतरी जाऊन राहणार आहेत ना?"

"नाही," थोरली म्हणाली. "त्या आजारी माणसाची सेवा करायला जात होत्या. बाकीचं सगळं खोटं. मी सांगितलेलं."

पलीकडून बारीकसा, उत्सुक आवाज आला. "म्हणजे आता तुमच्यासाठी प्रार्थना करायची का?"

चाळीस मिनिटं, थोरलीच्या मनात आलं. उलट्या दिशेनेही तेवढीच लागणार. "हो," ती म्हणाली. "करा." मग तिने दहावीला फोन लावला.

सगळे फोन होईपर्यंत ऊन उतरलं. थोरला, डोकं दुखतंय म्हणून, वर गेला होता. वरून त्याच्या पुटपुटण्याचा आवाज येत होता. तो देवाला काही समजावून सांगत असावा. धाकट्याला काकांना भेटायचं होतं, पण ताई म्हणाली, उद्या, आणि तोंड सांभाळणार असशील तरच. आज नर्स आणि मी. मग ती थोरलीकडे वळली. "पत्र तुम्ही द्या."

घड्याळवाला दिव्याखाली बसला होता. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. तो उठला नाही. स्प्रिंग जागेवर बसेपर्यंत त्याने त्यांना उभं ठेवलं, मग भिंग काढलं, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"मी खोटं सांगितलं होतं तुमच्याबद्दल," थोरली म्हणाली. आता तिला ते वाक्य पाठ झालं होतं, तरी इथे ते तिला अकरा फोनांपेक्षा जास्त जड गेलं.

"माझ्या वडिलांच्या वेळी असा कागद कुणी आणला नव्हता," तो म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. पत्र त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "जा आत. दार लावून घ्या."

खोली लहान होती, औषधाच्या वासाची. काका भिंतीला लावलेल्या उशांवर रेलले होते. त्यांचा श्वास सुरू होताना आणि संपताना वेगवेगळा वाजायचा. लेकीने न बोलता बाह्या दुमडल्या. ताईने पाणी आणायला भांडं उचललं.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

"आमच्या दादाची बायको."

काकांनी तिला नीट पाहिलं. "लग्नात सारखी बोलत होती, तीच का?"

थोरलीने काही सुधारणा सुचवण्यासाठी तोंड उघडलं. वधू म्हणून तेव्हा ती तशी शांतच होती, असं तिचं मत होतं. "हो," ती म्हणाली.

"वाचता येतं ना? मग वाच. ताई फार हळू वाचते आणि ही पोरगी घाईत असते." त्यांनी उशाखालून घडी मोडलेलं वर्तमानपत्र काढलं. "आधी मेलेल्यांचं पान. माझ्या आधी कोण कोण निसटलं ते कळू दे."

थोरली खाटेच्या कडेला टेकली. तिने पान काढलं आणि वाचू लागली. एक निवृत्त शिक्षक, अल्पशा आजाराने, मागे पत्नी आणि दोन मुली. एक कापडवाले. एक आजी, वय ब्याण्णव. काका डोळे मिटून ऐकत होते. एखाद्या नावाला 'हं' म्हणत, एखाद्याला नुसतीच मान हलवत. लेक त्यांना कुशीवर वळवून ओल्या फडक्याने पाठीची जखम टिपत होती.

चौथं नाव थोरलीच्या ओळखीचं होतं. सुस्वभावी, मनमिळाऊ, असं खाली छापलं होतं, तेही तिने वाचलं. त्या माणसाने बायकोला कसं वागवलं, मोठा मुलगा घर सोडून का गेला आणि शेवटच्या वर्षात त्या घरात नक्की कोण येत-जात होतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. शब्द जिभेच्या टोकावर येऊन थांबले. काका वाट पाहत होते. लेकीने हात थांबवून तिच्याकडे पाहिलं.

थोरलीने पान थोडं वर धरलं आणि पाचवं नाव वाचायला घेतलं.